पतीच्या नावाचा रकाना

बाकीच्या बायकांना म्हणे नवऱ्याच्या खिशात काहीबाही सापडतं. मला सापडले स्वल्पविराम. दवाखान्याच्या जुन्या पाकिटामागं यांनी बॉलपेननं लिहिलं होतं: तूरडाळ, मग स्वल्पविराम, दोन किलो, मग स्वल्पविराम, संपत आली. त्याखाली पोहे, त्याखाली गूळ, सगळ्यांच्या मधे तेच शेपटीवाले ठिपके. मी ते पाकीट यांच्या नाकासमोर धरलं आणि विचारलं, "अहो, हे काय आहे?" हे म्हणाले, "सराव." आता सांगा, तूरडाळीचा सराव कोण करतं?

आमचे हे नांदेडच्या एका तंत्रनिकेतनात संगणकाची प्रयोगशाळा सांभाळतात. मी शाळेत गणित शिकवते. संध्याकाळी मी वह्या तपासायला बसले की हे शेजारच्या खोलीत आपला जुना लॅपटॉप उघडतात. पडदा काळा कुळकुळीत, त्यावर पांढरी अक्षरं, आणि एका कोपऱ्यात एक ठोकळा लुकलुकत बसलेला. चित्र नाही, रंग नाही, माऊसला हात नाही. मी आत गेले की मान वर न करता म्हणायचे, "झालंच." काय झालंच ते कधी कळायचं नाही. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायची ती अशीच नाही.

एकदा जोर करून शेजारी खुर्ची ओढून बसलेच. तेव्हा कळलं की हे तक्ते करतात. साध्या मजकुराच्या फाईलमध्ये माहिती लिहायची, दोन गोष्टींच्या मधे स्वल्पविराम टाकायचा. लिहिताना ते सगळं वेडंवाकडं दिसतं. मग खाली एक आज्ञा टाईप करायची, तिचं नावच 'कॉलम'. एंटर मारलं की नावाखाली नाव, गावाखाली गाव, आकड्याखाली आकडा, प्रार्थनेच्या रांगेसारखं सगळं उभं. यांच्या चेहऱ्यावर असा आनंद, की आमच्या लग्नातल्या फोटोत तो मी शोधला आणि सापडला नाही. "ही फाईल कुठंही उघडते," म्हणाले. "फुकटात मिळालेल्या डबड्यावर उघडते, जुन्या प्रिंटरवर निघते. महागडं काही लागत नाही." मराठीत मात्र काना-मात्रा-वेलांट्यांनी रकाने डगमगतात, म्हणून हे सगळं इंग्रजी अक्षरांत लिहायचे. गूळसुद्धा इंग्रजीत.

मी गणिताची बाई, रांगेत उभं राहिलेलं मलाही आवडतं. पण पडदा काळा करून केलेल्या कामावर माझा विश्वास बसत नाही. तसा तो फार कशावरच बसत नाही म्हणा. भाजीवाल्यानं "ताई, घरची मेथी हाय" म्हटलं की मी जुडी सोडून आतली पानं बघते. शाळेत कुणी माझं जास्त कौतुक केलं तर दुपारपर्यंत कुठलं काम गळ्यात पडणार याची वाट बघते. बहुतेक वेळा पडतंच. त्यामुळं स्वभाव बदलायचं कारण अजून सापडलेलं नाही.

आता आत्याचं सांगते. माझ्या वडिलांची ही बहीण मुखेडजवळच्या आमच्या गावात, माझ्या भावाच्या घरी राहते. तरुणपणीच सासर सोडून आली ती आलीच. घरात कुणी विचारलं तर 'जमलं नाही' एवढं सांगून विषय बंद. मामा, म्हणजे तिचे यजमान, तिकडंच वारले. तेव्हाही ती तिकडं गेली नाही. तिचा डावा डोळा सासरीच गेला होता. शेतात कापलेल्या तुरीचं धसकट लागलं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. राहिला उजवा. त्या एका डोळ्यावर तिनं आयुष्यभर भाकरी थापल्या, खुरपलं, माझ्या भावाची लेकरं सांभाळली. आणि आता त्या उजव्यात मोतीबिंदू पिकला होता.

चूल कुठं आहे ते ती हातानं चाचपून बघायची. त्यात एकदा मनगट भाजून घेतलं. वहिनीनं ताट वाढून पुढ्यात ठेवलं तर ते सरकवून म्हणाली, "मला घास भरवायची पाळी आली ना, तवा मी जगायची न्हाई. आधीच सांगून ठिवते." नांदेडच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, फार थांबू नका, पिकून आत फुटला तर हाही डोळा हातचा जाईल. पण नांदेडला ऑपरेशन करून घ्यायला ती काही केल्या तयार होईना. शहरातल्या दवाखान्यात एकटं पडायचं तिला भ्या वाटे. "गावातल्या बाया असतील तर जाते," म्हणाली.

तेवढ्यात मुखेडच्या एका मंडळानं नेत्र शिबिर घेतलं. तपासणी मुखेडला, ऑपरेशन लातूरच्या एका धर्मादाय दवाखान्यात, जायला-यायला जीपगाड्या. आमच्या गावातल्याही तीन-चार जणी निघाल्या आणि आत्या एकदाची 'हाव' म्हणाली. हे शिबिर हुकलं तर पुढचं पुढच्या हिवाळ्यात. डॉक्टरांच्या बोलण्यावरून मला पक्कं कळलं होतं की तो डोळा पुढचा हिवाळा बघणार नाही.

मंडळाचे सचिव यांचे शाळेतले वर्गमित्र. पांढरेशुभ्र कपडे, चष्मा कपाळावर, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसू. "वहिनी, चहा घेतला का," हसू. "वहिनी, ऊन लई हाय," हसू. उन्हात हसण्यासारखं काय आहे? त्यांनी यांना गळ घातली, पेशंटची यादी तेवढी नीट करून दे. गावोगावच्या आशा ताया तपासणीच्या वेळी माहिती विचारून फोनवर मेसेज पाठवणार, हे त्यातून फाईल करणार, एक प्रत लातूरला जाणार आणि एक मुखेडला भिंतीवर लागणार. रकाने पाच: नाव, पतीचं किंवा वडिलांचं नाव, गाव, कुठला डोळा, कुठली गाडी. यांना तर हर्षवायूच झाला. आठवडाभर "झालंच, झालंच" चाललं होतं. मी म्हटलं, "गाडीत कोण बसणार ते सचिवच ठरवणार ना? मग बघा, आधी त्यांच्या गल्लीतले बसतात का नाही." हे म्हणाले, "तुला देवळातल्या घंटेवरही शक येतो."

रविवारी मी एसटीनं मुखेडला गेले. मंडळाच्या हॉलबाहेर यादी चिकटवलेली, समोर ही गर्दी. इंग्रजी अक्षरं, त्यामुळं वाचणारे दोघं-तिघं आणि विचारणारे पन्नास. मी माणसं सारत पुढं गेले आणि सवयीनं शेवटचा रकाना आधी बघितला. आत्याच्या ओळीला शेवटी काहीच नाही. गाडी नाही. वर बघितलं, खाली बघितलं. आणखी सात-आठ ओळी तशाच, शेवटी मोकळ्या. सगळ्या बायका. एकही पुरुष नाही. आमच्या गावच्या दोघीही त्यातच.

तळपायाची आग मस्तकात गेली. फोनवर यादीचा फोटो काढला आणि सरळ सचिवांसमोर उभी राहिले.

"सचिवसाहेब, आत्याला गाडी का नाही?"

"असं कसं, वहिनी?" चष्मा कपाळावरून नाकावर आला. "न्हाई की खरंच. आमचा माणूस ज्यांना नंबर हाय त्यांचीच नावं पुकारणार. पन यादी तर आपल्याच साहेबांनी करून पाठवली." आणि हसले.

"बायकाच कशा राहिल्या मागं?"

"आता ते मला काय ठाव? आम्ही तर सगळ्यांना गाड्या दिल्या होत्या." पुन्हा हसू.

हा माणूस सरळ माझ्या नवऱ्यावर ढकलून मोकळा झाला होता. परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून मी सगळं जुळवलं. सचिवांनी आपल्या माणसांसाठी जागा केल्या असणार. म्हाताऱ्या बायका बोलत नाहीत, भांडत नाहीत, त्यांची नावं गाळली असणार. आणि यांना फोन करून सांगितलं असणार, एवढी खोडून टाक रे. जुना दोस्त, नाही म्हणवत नाही. पाणी इथंच मुरत होतं. नांदेड येईपर्यंत मी यांना मनातल्या मनात तीनदा गुन्हेगार ठरवलं होतं.

घरात पाय ठेवता ठेवता विचारलं, "सचिवांनी तुम्हाला फोन केला होता?"

"रोजच करतो की."

"कुणाची गाडी काढायला सांगितली?"

मग मी जे बोलायला लागले ते शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी करून ऐकलं असेल. तुमच्या दोस्तीपायी माझी आत्या आंधळी होणार, तुम्हाला काय, तुमच्या रांगा सरळ आल्या म्हणजे झालं. यांचा आवाज सहसा चढत नाही, त्या दिवशी चढला. "माझ्यावर शक घे, चालंल. माझ्या तक्त्यावर नको! मी एक अक्षर खोडलेलं नाही."

"मग हे काय?" म्हणून मी फोन पुढं केला आणि फोटो बोटांनी मोठा करून दाखवायला लागले. आणि दाखवता दाखवता मीच थांबले. आत्याच्या नावापुढं पतीच्या रकान्यात आमच्या गावाचं नाव होतं. गावाच्या रकान्यात 'उजवा'. डोळ्याच्या रकान्यात दोन. दोन नंबरची गाडी होती, पण ती डोळ्यात जाऊन बसली होती.

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही आत्याचं गावाशी लग्न लावलंत की."

यांनी लॅपटॉप उघडला, आपली मूळ फाईल काढली. तिथं आत्याच्या नावानंतर दोन स्वल्पविराम एकमेकांना चिकटून होते. मधे काही नव्हतं. पतीचं नाव आलंच नव्हतं, म्हणून यांनी जागा रिकामी सोडली होती. आणि यांच्या जुन्या लॅपटॉपवरची ती जुनी आज्ञा रिकामी जागा मानतच नव्हती. चिकटलेले दोन स्वल्पविराम तिला एकच वाटत होते. पंगतीतून एक जण उठला की बाकीचे सरकून बसतात, तशी त्या ओळीतली प्रत्येक गोष्ट एक घर अलीकडं सरकली होती आणि शेवटचं घर मोकळं पडलं होतं. यांनी तक्ता तपासला होता, पण रांगा सरळ आहेत का एवढंच. रांगा सरळच होत्या.

"आणि बायकाच कशा?" मी विचारलं खरं, पण विचारताना उत्तर कळलं. आमच्याकडं म्हातारी बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. ताईनं विचारलं की पदर तोंडाला लावते, हसते, 'तुमाला ठाव हाय की' म्हणते, नाहीतर शेजारणीला कोपर मारून 'तू सांग' म्हणते. शेजारीण जवळ नसली की रकाना रिकामा. पुरुष आपल्या बापाचं नाव खणखणीत सांगतो, त्याची ओळ भरलेली. कुणीही कुणाला गाळलेलं नव्हतं. या लिखाणात मीही अजून यांचं नाव घेतलेलं नाही. का, ते मला विचारू नका.

सचिवांना फोन केला. मी स्पीकरवर ठेवायला लावला, म्हणजे ते काय बोलतात ते मलाही ऐकू येईल. हे म्हणाले, रिकाम्या जागी आडवी रेघ टाकतो, म्हणजे ओळ सरकणार नाही. सचिव म्हणाले, "नको रे बाबा. लातूरवाले म्हनतात पतीचं न्हाईतर वडिलांचं नाव पाहिजेच. रेघ बघून वापस केलं तर? नावंच भरून टाक, दोन दिवस हायेत." मला त्यातही काहीतरी वास आला, पण वेळ नव्हता. ताया पुन्हा कामाला लागल्या. एका म्हातारीनं फोनवरच उखाणा घेतला आणि ताईला त्यातून नाव वेचावं लागलं. एकीनं फोन सुनेला दिला आणि कानावर हात ठेवून लांब जाऊन बसली म्हणे. अशी एकेक करून घरं भरली.

आत्याचं मी भरलं. तिला विचारायचा प्रश्नच नव्हता, कधीच सांगितलं नसतं. मला नाव माहीत होतं. तिच्या लग्नातली पितळी घागर आमच्या घरी होती, तिच्यावर दोघांची नावं कोरलेली, लहानपणी मी अक्षर लावून लावून ती वाचली होती. हे बाजूला बसले, मी सांगितलं, यांनी टाईप केलं. एंटर. सगळं आपापल्या जागी. दोन नंबरची गाडी गाडीच्या रकान्यात. मला हायसं वाटलं आणि यांनी न मागता मी यांना चहा करून दिला.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही दोघंही मुखेडला हजर. मी म्हटलं, आत्या गाडीत बसून गाडी हललेली बघितल्याशिवाय माझा भरवसा नाही, लॅपटॉप घेऊन चला. हॉलसमोर जीपा उभ्या. आत्या धुतलेलं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन दोन नंबरच्या गाडीत खिडकीशी बसलेली. गावच्या बायका दोन्ही बाजूंनी. खूष होती. "आलीस का, माय," माझा हात चाचपडत म्हणाली. "तिथं भाकर भेटती का नुसता भातच?"

सचिव यादी घेऊन मोठ्यानं हजेरी घ्यायला लागले. नाव, पती अमुक अमुक, गाव तमुक. प्रत्येक बाई नवऱ्याच्या नावाला लाजून खाली बघायची आणि बाकीच्या हसायच्या. मग आत्याचं नाव आलं. आणि त्यामागं मामांचं, पूर्ण, आडनावासकट.

आत्या हसली नाही. तिनं पिशवी उचलली, शेजारणीच्या गुडघ्यांवरून वाट काढली आणि चाचपडत गाडीतून खाली उतरली. मला वाटलं उलटी होते की काय.

"हे नाव कोनी घातलं?"

"मी, आत्या. ते रिकामं ठिवता येत न्हाई गं."

"काढ."

"अगं, तू कुठं घेतलंस? दुसऱ्यानं वाचलं. आन आता मामा तरी कुठं हायेत? काय पाप लागत न्हाई."

"पाप?" ती माझ्याकडं तोंड करून उभी राहिली. त्या धुरकट डोळ्याला मी दिसत नव्हते, पण बघत होती. "पोरी, मला धसकट न्हवतं लागलं. चुलीतलं जळतं लाकूड फेकून मारलं होतं त्यानं. मीठ कमी झालं म्हनून. एक डोळा तर त्यानं नेला. आता दुसऱ्या डोळ्याला बी त्याच्याच नावानं जाऊ का? त्यापरीस मी आंधळी बरी. मी येत न्हाई."

अख्खं आयुष्य मी भाजीच्या जुडीवर संशय घेतला, त्या धसकटावर एकदाही नाही. मला रडू आलं नाही, राग आला, असा राग की हातातली पाण्याची बाटली चेपून गेली. कुणावर काढणार? तो माणूस केव्हाच राख झालेला.

सचिव जवळ आले होते. त्यांनी ऐकलं होतं सगळं. हळू आवाजात म्हणाले, "आजी, मग वडिलांचं टाकू. चालतंय ते."

"बापाचं बी नगं," आत्या म्हणाली. "लाकूड मारायच्या आदी दोन डाव पळून आले होते मी. दोन्ही डाव बापानंच हाताला धरून परत नेऊन घातलं. नगं त्याचं."

हे माझे आजोबा. ज्यांच्या फोटोला मी दर दिवाळीला स्वतः हार घालते, ते. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. एक नंबरची गाडी निघालीसुद्धा.

"आत्या," मी म्हटलं, "तुझ्या पाया पडते, बस गाडीत. डॉक्टर काय म्हनले ते तुला सांगितलंय ना? डोळा जाईल गं."

"जाऊ दे."

तिचं 'जाऊ दे' मला माहीत आहे. सासरला परत पाठवणाऱ्यांना तिसऱ्यांदा ती असंच काहीतरी म्हणाली असणार आणि मग कुणाची छाती झाली नसणार. मी सचिवांकडं वळले. "रेघ टाका. तिथं आडवी रेघ टाका आणि लातूरला कळवा."

"वहिनी, त्यांनी वापस केलं तर बिचारी तिथवर जाऊन..."

"तुम्हाला फोन लावायचाय का मी लावू? आणि लावाल तो माझ्यासमोर लावा. स्पीकरवर."

सचिवांनी लावला. लातूरचा कारकून पलीकडून वैतागलेला. सचिवांनी विचारलं, एका आजींना पती-वडील दोन्हीचं नाव द्यायचं नाही, काय करायचं. पलीकडून उत्तर आलं, "मालक, तुम्ही काय बी लिवा, फक्त रिकामं सोडू नका. आमचं मशीन रिकामं घेत न्हाई."

"रेघ चालेल?" मी मधेच ओरडले.

"रेघ मारा, फुली मारा. रिकामं नको."

म्हणजे इतके दिवस रेघ चालत होती! नाव 'पाहिजेच' म्हणाले ते कोण? सचिवांकडं मी जे बघितलं ते त्यांनी चष्मा पुसत टाळलं. त्यांना कुणी तसं सांगितलं होतं, का त्यांनीच ठरवलं होतं, हा खुलासा मला आजतागायत झालेला नाही. पण त्या दिवशी त्यांनी गाडी थांबवून धरली, एवढं मान्य करते. ड्रायव्हर बेजार झाला होता, लातूरला पोचायची वेळ ठरलेली, तर सचिव जाऊन सरळ गाडीच्या पुढं उभे राहिले. आणि हसत नव्हते.

यांनी जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडला. काळा पडदा उन्हात काही दिसेना, तर मी माझा पदर वर धरून सावली केली. यांनी मामांचं नाव एकेक अक्षर करून पुसलं. मी प्रत्येक अक्षर जाताना बघितलं. मग दोन स्वल्पविरामांच्या मधे एक छोटी आडवी रेघ. आज्ञा, एंटर. ओळ हलली नाही. गाव गावात, उजवा डोळ्यात, दोन नंबर गाडीत. हे समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पळत गेले आणि नवा कागद घेऊन पळत आले. पन्नाशीचा माणूस पळताना मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितला.

"काढलं का?" आत्यानं विचारलं.

"काढलं."

"खरं? का मला दिसत न्हाई म्हनून सांगून राहिलीस?"

माझ्याच घरचं रक्त. मी सचिवांना तिची ओळ पुन्हा मोठ्यानं वाचायला लावली. त्यांनी नाव वाचलं, एक श्वास थांबले, आणि गाव वाचलं. आत्या कान देऊन ऐकत होती. तिची तसल्ली झाली तशी पिशवी माझ्या हातात देऊन ती गाडीत चढली. मग मीही चढले. माझी जागा यादीत नव्हती. गावच्या बायका सरकून बसल्या.

लातूरला दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या काढल्या. वॉर्डात दोन्हीकडं खाटा, प्रत्येकीची पट्टी काढून काळा चष्मा द्यायला एक नर्स यादी घेऊन फिरत होती. ती प्रत्येकीचं नाव विचारायची, नवऱ्याच्या नावावर बोट ठेवून खात्री करायची आणि मग औषध हातात द्यायची. आत्याच्या खाटेशी आली, यादीत बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तिनं काही न विचारता आत्याची पट्टी काढली, औषध दिलं आणि ती पुढं गेली. यादी तेवढी खाटेवर राहिली, तिला दोन्ही हात मोकळे हवे होते शेजारणीची पट्टी काढायला.

आत्या पापण्या मिचकावत बसली होती. भिंत बघितली, पंखा बघितला, आपले हात उलटेपालटे करून बघितले. माझ्याकडं बघून म्हणाली, "केस लई पिकले की गं तुझे." मग कागदाकडं लक्ष गेलं. तिनं तो उचलून डोळ्याजवळ धरला, मग लांब धरला. शाळेचं तोंड न बघितलेली बाई, तिला मराठी वाचता येत नाही, ही तर इंग्रजी अक्षरं.

"माझं कोनतं?"

मी तिच्या ओळीवर बोट ठेवलं. तिनं माझं बोट बाजूला सारलं आणि आपलं ठेवलं. एकेका अक्षरावरून सावकाश सरकवत नेलं, काही कळत नसताना. रेघेपाशी आल्यावर बोट थांबलं.

"हेच का ते?"

"हाव."

तिचा तो एकुलता डोळा ऑपरेशननं लाल झाला होता, त्यातून पाणी येत होतं, पण डॉक्टरांनी पुसू नका सांगितलं होतं म्हणून ती पुसत नव्हती.

"एवढं मला वाचाया येतंय," ती म्हणाली. "कोनी न्हाई."